टेस्ट निगेटिव्ह, तरी पोटात जंतू? (एच. पायलोरी, अल्सर आणि अर्धवट सोडलेला कोर्स)

सायकलस्वार | ३ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी सायकल आणि घाटवाटांच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४७, मुक्काम चिंचवड. पित्त जुनंच. दोन वर्षांपूर्वी पोटात दुर्बीण घातली तेव्हा जठराला सूज आणि एच. पायलोरी नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांचं किट दिलं, सकाळची पट्टी वेगळी, संध्याकाळची वेगळी. नवव्या दिवशी मी ते सोडलं. खरं कारण सांगतो. तोंडात चोवीस तास तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव, दिवसातून चार वेळा संडास, आणि दहाव्या दिवशी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. पोट तोपर्यंत झकास झालं होतं, म्हणून परत दाखवायलाही गेलो नाही. पुढे जळजळ झाली की पॅन्टोप्राझोल आणि गुडघा बोलायला लागला की डायक्लोफिनॅक. दोन्ही चिठ्ठीशिवाय, कोपऱ्यावरच्या दुकानातून.

२५ जूनला सकाळी शी डांबरासारखी काळी झाली. आदल्या दिवशी पाव किलो जांभळं खाल्ली होती, म्हटलं त्याचंच असेल. दुपारी पुन्हा तेच, आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. बायकोने काही ऐकून न घेता रिक्षात घातलं. हिमोग्लोबिन ७.९. दोन बाटल्या रक्त चढवलं. त्याच रात्री एंडोस्कोपी. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे अल्सर, आणि त्यात उघडी पडलेली रक्तवाहिनी. तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन क्लिप लावली. आता घरी आहे, मऊ भात खातोय.

प्रश्न असा. त्या रात्री जंतूची जी झटपट टेस्ट केली ती निगेटिव्ह आली. आम्ही नवरा-बायको खूश. डॉक्टर मात्र म्हणाले, "ही निगेटिव्ह मी धरत नाही. तुकडे पॅथॉलॉजीला पाठवलेत, तो रिपोर्ट येऊ दे." आमचे साडू म्हणतात, टेस्ट निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, बिल वाढवायचे धंदे आहेत. कोणाचं ऐकू?

खवचट | ३ जुलै, रात्री ११:०२

साडूंचं शिक्षण काय झालंय? त्यावर उत्तर ठरवू.

(बाकी मालक, जांभळांवर आळ घेतल्याबद्दल जांभळांची माफी मागा. लवकर बरे व्हा.)

पोटोबा | ४ जुलै, सकाळी ७:१५

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, पण तुमचा डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांचे डोस इथे विचारू नका, सांगणार नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो: डॉक्टरांचं ऐका.

ही झटपट टेस्ट नक्की काय करते ते कळलं की कोडं सुटेल. जठरातल्या आम्लात जंतू टिकू नयेत हा निसर्गाचा बेत. या पठ्ठ्याने त्यावर तोड काढली आहे. तो युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) बनवतो, ते आपल्या शरीरातल्या युरियाचा अमोनिया करतं, आणि अमोनियाच्या आडोशाने तो आम्लातून पोहत जठराच्या बुळबुळीत थरात शिरतो. टेस्टमध्ये आम्ही जठराचा इवलासा तुकडा युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतो. जंतू असले तर अमोनिया होतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं.

म्हणजे टेस्टला जंतू थेट दिसत नाही, त्याचं काम दिसतं. आता तुमच्या रात्रीचा विचार करा. पोटात ताजं रक्त होतं, आणि चालू रक्तस्रावात ही टेस्ट हुकते हे माहीत असलेलं आहे. वर तुम्ही पॅन्टोप्राझोल घेत होता. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांनी जंतू मरत नाही, पण संख्या घटते आणि तो जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागात सरकतो. तुकडा खालून घेतला असेल तर चोर वरच्या माळ्यावर आणि पोलीस तळघरात.

म्हणून अल्सरमधून रक्त गेलं आणि टेस्ट निगेटिव्ह आली, तर ती नंतर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा करायचीच असते. यात बिल वाढवण्यासारखं काही नाही.

काचपट्टी | ४ जुलै, दुपारी १:२०

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या माळा-तळघराला दुजोरा द्यायला आले. दोन कुप्या येतात, एकीवर जठराचा खालचा भाग लिहिलेलं, दुसरीवर वरचा. बरेच दिवस पित्ताच्या गोळ्या खाणाऱ्याच्या खालच्या तुकड्यात सूज दिसते पण जंतू सापडत नाहीत, आणि वरच्या तुकड्यात मंडळी पंगतीला बसल्यासारखी ओळीने. गिम्झा रंगात बघायची, निळी, वाकडी, स्वल्पविरामासारखी. ज्यांच्याकडून एकच तुकडा येतो तिथे माझा जीव वरखाली होतो, कारण "दिसले नाहीत" आणि "नाहीत" यात फरक आहे आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला तो कळत नाही.

हिंगाष्टक | ४ जुलै, दुपारी ४:०५

एवढी औषधं खाऊनच पोटाची वाट लागते. आमच्या घरात तीन पिढ्या मोरावळा, सकाळी अनशापोटी, आणि जळजळलं तर थंड दूध. कोणाला कधी दुर्बीण घालावी लागली नाही. तिखट बंद करा, चिंता सोडा, अल्सर आपोआप बरा होईल. पूर्वी कुठे होते हे जंतू?

जुनं खोड | ४ जुलै, रात्री ८:५०

पूर्वीही होतेच हो. आम्हाला माहीत नव्हते एवढंच.

माझे वडील एसटीत कंडक्टर. तरुणपणापासून अल्सर. रात्री दोन वाजता उठून भाकरीचा तुकडा आणि दूध घ्यायचे, पोटात काही गेलं की कळ थांबायची. गावात सगळे म्हणायचे, नोकरीची दगदग आणि तिखट खाणं. आईने आयुष्यभर त्यांच्यासाठी वेगळी, बिनतिखटाची भाजी केली. १९७४ साली ऑपरेशन झालं. आम्ल सुटू नये म्हणून जठराकडे जाणारी नस कापली आणि जठर खाली आतड्याला जोडून दिलं. तेव्हा हाच उपाय होता आणि बऱ्याच जणांचा झाला. त्यानंतर कळ गेली, पण जेवल्यावर अर्ध्या तासात दरदरून घाम आणि धडधड. श्रीखंड-पुरी खाल्ली तर आडवंच पडावं लागे. पुढे बी-१२ उतरलं, पायाला मुंग्या. २००१ मध्ये गेले, वयानेच गेले, पण सत्तावीस वर्षं सणाला पानावरचं गोड बाजूला सारत.

वर चौदा दिवसांच्या किटबद्दल वाचलं आणि थोडा वेळ काही सुचलं नाही. चौदा दिवस.

पर्थनिवासी | ५ जुलै, सकाळी ६:३०

जुनं खोड काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ज्या गावात हे उलगडलं तिथे मी अकरा वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ मध्ये त्यांना जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसायला लागले. आम्लात जंतू जगत नाहीत हे तेव्हाचं शहाणपण, त्यामुळे कोणी मनावर घेईना. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू काही केल्या बशीत वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की लॅबवाले बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तर वसाहती उगवलेल्या. जंतू हळू वाढणारा होता, घाई माणसांची होती.

तरी जगाला पटेना. १९८४ मध्ये मार्शलने आधी स्वतःचं जठर निरोगी असल्याची दुर्बिणीने खात्री करून घेतली आणि मग जंतूंचं पाणी पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. पुन्हा दुर्बीण घातली तर जठर सुजलेलं आणि जंतू हजर. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

अवांतर: आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही हाच जंतू मिळाला, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे त्या युरोपातल्या माणसाचा जंतू आज मध्य आणि दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाशी जुळतो. हिंगाष्टक, "पूर्वी कुठे होते" याचं उत्तर.

पोटोबा | ५ जुलै, सकाळी ८:१०

त्याच्याही आधीचं एक: ग्रीसमधल्या मेसोलोंगी गावचे डॉक्टर लिकुडिस १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक देत होते. त्यांना नोबेल नाही, दंड मिळाला.

हिंगाष्टक, तिखटाने आणि चिंतेने असलेली जळजळ वाढते, मान्य. मोरावळ्याने बरं वाटत असेल तर जरूर खा. पण अल्सर करणारे बडे दोन, हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. दोन्ही एका पोटात आले तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही. सायकलस्वार यांच्या पोटात नेमकं तेच झालेलं दिसतं.

थंड दुधाबद्दल: क्षणभर बरं वाटतं, मग दुधामुळेच जठर पुन्हा आम्ल सोडतं. खोड काकांच्या वडिलांचा रात्रीचा दोनचा ठेका त्यातूनही चालत राहत असावा.

सायकलस्वार | ५ जुलै, संध्याकाळी ६:४५

रिपोर्ट आला. खालच्या तुकड्यात "जंतू आढळले नाहीत". वरच्या तुकड्यात "आढळले". काचपट्टीताई, तुम्हाला दंडवत. साडूंना फोटो पाठवला, निळी खूण आली, उत्तर नाही.

डॉक्टर म्हणाले, अल्सर थोडा भरू दे, पुढच्या आठवड्यात कोर्स सुरू करू. पण जुनं किट नाही, वेगळी औषधं. मी विचारलं, तेच किट या वेळी पूर्ण खातो ना. ते म्हणाले, आता त्यातल्या एका औषधावर माझा भरवसा नाही. का?

गोळीवाला | ५ जुलै, रात्री ९:३०

मी काउंटरच्या पलीकडचा माणूस. डॉक्टर सांगतीलच, मी माझ्या बाजूचं सांगतो.

दुकानात रोज किमान दहा जण येतात. "घसा धरलाय, ती तीन दिवसांची गोळी द्या." म्हणजे अझिथ्रोमायसिन. "पोट बिघडलंय, ती जुलाबाची पिवळी गोळी द्या." म्हणजे ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात आणि तिथे मिळते. मी नाही म्हणतो, पण रोज आणि सगळ्यांना म्हणतो असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

पोटोबा | ५ जुलै, रात्री १०:२०

गोळीवाला, इतकं सरळ कोणी लिहीत नाही. आभार.

सायकलस्वार, तुमच्या किटमध्ये बहुधा तीन गोष्टी होत्या: आम्ल कमी करणारी गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. तोंडातलं तुमचं तांब्याचं नाणं ते क्लॅरिथ्रोमायसिनचं. ते आणि घशाची अझिथ्रोमायसिन ही एकाच घराण्यातली भावंडं. जंतूने एकाला चुकवायची युक्ती शिकली की दुसऱ्यालाही चुकवतो. नेम पायलोरीवर नव्हता, घशावर होता, पण पोटातला जंतू ते सगळं बघत बसलेला असतो. तसंच जुलाबाच्या गोळीतलं ऑर्निडाझोल हे मेट्रोनिडाझोलचं भावंड आणि ऑफ्लोक्सासिन हे लिव्होफ्लोक्सासिनचं. पायलोरीविरुद्ध वापरायची आमची अर्धी हत्यारं भारतात घसादुखीत आणि पाणीपुरीच्या जुलाबात बोथट होऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या यादीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या पायलोरीला वरच्या प्राधान्यात टाकलं होतं.

त्यात तुम्ही नवव्या दिवशी कोर्स सोडला. कच्चे मेले, पक्के उरले. म्हणून एकदा फसलेलं क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा द्यायचं नाही हा सर्वमान्य नियम. अमॉक्सिसिलिनला मात्र हा जंतू अजूनही बहुधा दाद देतो, नशीब आपलं.

एक प्रश्न मलाही आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती वेळा अँटिबायोटिक घेतलं? आठवून लिहा.

सायकलस्वार | ६ जुलै, सकाळी ११:००

बायकोला बसवून मोजलं. कोविडात दोनदा अझिथ्रोमायसिन, एकदा तर ताप नसतानाच, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी यादी टाकली होती म्हणून. घशासाठी तीन-चार वेळा. जुलाबाची गोळी... सायकलच्या पिशवीत माझ्याकडे कायम एक पट्टी असते. घाटात वडापाव खाल्ला आणि पोट गुरगुरलं की एक. फक्त एक, कोर्स नाही. वर्षातून आठ-दहा वेळा धरा.

लिहिताना लाज वाटली.

खवचट | ६ जुलै, सकाळी ११:१४

म्हणजे तुम्ही जंतूंना दोन वर्षं क्लास लावला होता. फी भरून.

शेवंती | ६ जुलै, दुपारी ३:४०

माझ्या आईचं थोडक्यात लिहिते, कोणाला उपयोग होईल. पोटाची एकही तक्रार नाही. फक्त हिमोग्लोबिन. सहा वर्षं लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, लोखंडी कढई, सगळं. नऊच्या वर जाईना. पाळी थांबून दहा वर्षं झालेली, मूळव्याध नाही. शेवटी एका डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली, त्यात पायलोरीचं प्रतिजन, म्हणजे जंतूचाच अंश, निघालं. तिला पेनिसिलीनची ॲलर्जी, म्हणून अमॉक्सिसिलिन बाद. बिस्मथवाला कोर्स दिला. चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६, त्याच लोहाच्या गोळ्यांवर.

एक चूक आमची. मधे एका लॅबमध्ये आम्ही रक्ताची तपासणी करून बसलो होतो, जंतू गेला की नाही बघायला. ती पॉझिटिव्हच येत राहते म्हणे, कारण ती जुन्या संसर्गाची आठवण दाखवते. उगाच दोन आठवडे रडारड.

पोटोबा | ६ जुलै, संध्याकाळी ७:३०

शेवंती, अगदी बरोबर. रक्तातली प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही कितीतरी काळ राहतात. जंतू गेला का हे बघायला श्वासाची किंवा शौचाची तपासणी, कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवून. गोळी बंद करणं मात्र डॉक्टरांना विचारूनच. त्या काळात जळजळलं तर साधं अँटासिड चालतं.

लोह न चढणं, बी-१२ कमी असणं, आणि काही जणांत प्लेटलेट कमी होणं, हेही याचेच उद्योग. पोट दुखलंच पाहिजे असं नाही. बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. थोड्यांना अल्सर होतो. त्यातल्या काहींचा फुटतो, आणि मग पोट लाकडासारखं कडक, एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा, आणि रात्री तीनला ऑपरेशन. काहींच्या जठराचं तोंड व्रण भरता भरता आक्रसतं, आणि सकाळी खाल्लेलं रात्री उलटून पडतं.

बदलीबाज | ७ जुलै, रात्री ९:५५

कॅन्सरचं कोणी बोललं नाही म्हणून विचारतो. बँकेच्या नोकरीत तीन वर्षं मिझोरामात, ऐझॉलला काढली. तिथे ओळखीच्या घरांत जठराच्या कॅन्सरने गेलेलं माणूस असायचंच. आमच्या शाखेतल्या शिपायाचे वडील आणि काका दोघेही. महाराष्ट्रात मी इतकं कधी ऐकलं नव्हतं. जंतू तर दोन्हीकडे असणार ना?

पोटोबा | ७ जुलै, रात्री ११:२०

चांगला प्रश्न काढलात, आणि यावर पूर्ण उत्तर वैद्यकाकडेही नाही.

१९९४ मध्येच या जंतूला पहिल्या वर्गातला, म्हणजे पक्का सिद्ध झालेला, कर्करोगकारक ठरवलं गेलं. वाट अशी: वर्षानुवर्षं सूज, मग जठराचं अस्तर झिजणं, मग त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवणं, आणि पुढे काहींत कॅन्सर. याला दशकं लागतात आणि वाटेतच बहुतेक जण थांबतात. भारतात जंतू भरपूर, पण जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी. याला भारतीय कोडं म्हणतात. जंतूचा वाण, माणसाची जनुकं, खाणं, सगळ्याचा हात असावा. मिझोराममध्ये मात्र देशातलं सर्वांत जास्त प्रमाण आहे.

बदलीबाज | ८ जुलै, सकाळी ७:५०

खाणं म्हणाल तर धुरावलेलं मांस घरोघरी चुलीवर टांगलेलं. सा-उम म्हणून डुकराची आंबवलेली चरबी, भाजीत घालतात. आणि तुईबुर. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवतात आणि ते पाणी बाटलीत भरून विकतात. बायका तोंडात धरून ठेवायच्या, मग थुंकायच्या. मला एकदा आग्रहाने दिलं होतं. डोकं गरगरलं. पण आग्रह करणारी माणसं फार गोड होती, नाही म्हणवेना.

पोटोबा | ८ जुलै, सकाळी ८:२०

तुम्ही सांगितलंत ते सगळं संशोधकांच्या यादीत आहे. आणि एक बरी बातमीही टाकतो: जठरात होणारा एक प्रकारचा लिम्फोमा, माल्ट म्हणतात तो, सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर अनेकांत नुसता पायलोरी घालवल्यावर विरतो. कॅन्सर अँटिबायोटिकने मागे हटतो हे मी स्वतः पाहिलं तेव्हा वरिष्ठांना दोनदा रिपोर्ट दाखवला होता.

सायकलस्वार | १३ जुलै, रात्री ९:१०

कोर्स आजपासून. चार औषधं: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लाची गोळी. मोजल्या, दिवसाला चौदा. चौदा दिवस. बायकोने फ्रिजवर तक्ता चिकटवलाय, प्रत्येक चौकटीत माझी सही लागते.

टेट्रासायक्लिन शोधायला दोन दिवस गेले. आठ दुकानं. एकाने हसून विचारलं, "ही अजून निघते?" दुसऱ्याने डॉक्सिसायक्लिन पुढे केली, तीच आहे म्हणाला.

गोळीवाला | १३ जुलै, रात्री ९:४०

स्वस्त औषध, नफा नाही, कोणी लिहीत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. डॉक्सि घेतली नाहीत ना? घराणं एक असलं तरी या कामात ती उणी पडते असं डॉक्टर लोक सांगतात. बदल डॉक्टरांनी करायचा, दुकानदाराने नाही. आणि टेट्रासायक्लिनबरोबर दूध, दही, पनीर, कॅल्शियम आणि लोहाची गोळी नको. पोटात त्यांची गाठ बांधली जाते आणि औषध लागू पडत नाही.

सायकलस्वार | १३ जुलै, रात्री ९:५५

नाही, नवव्या दुकानात मिळाली. लोहाची गोळी डॉक्टरांनी कोर्स संपेपर्यंत थांबवली आहे. दुधाचं मला माहीतच नव्हतं, आई रोज रात्री थंड दुधाचा पेला आणून ठेवते.

हिंगाष्टक | १३ जुलै, रात्री १०:३०

मीच थंड दूध सुचवलं होतं. मागे घेतो. मोरावळा चालेल ना?

पोटोबा | १४ जुलै, सकाळी ७:००

चालेल. 🙂

सायकलस्वार | १८ जुलै, पहाटे ५:३५

कोणी जागं आहे का? शी पुन्हा काळी. हात थरथरतायत. बायकोला उठवू का?

काचपट्टी | १८ जुलै, पहाटे ५:४८

उठवाच. आणि डॉक्टरांना फोन करा, ते तर कराच. पण घाबरण्याआधी हे बघा: बिस्मथने शी काळी होते, कधी जीभसुद्धा. रक्ताची असते ती चिकट, डांबरासारखी, चकाकणारी, आणि वास असा की एकदा आल्यावर विसरत नाही. बिस्मथची नेहमीसारखी बांधलेली, हिरवट काळी, तसा वास नाही. चक्कर, घाम, धडधड आहे का? आरशात जीभ बघा.

सायकलस्वार | १८ जुलै, सकाळी १०:२०

जीभ काळी. वास नाही, चक्कर नाही. तरी जाऊन आलो. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे वाढलंय. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. खरंच होतं, खाली, बारीक अक्षरात त्यांच्या हाताने. काचपट्टीताई, पहाटे पावणेसहाला तुम्ही कशा काय?

काचपट्टी | १८ जुलै, दुपारी १२:०५

धाकटीचा डबा. साडेसहाची शाळा.

खवचट | २१ जुलै, रात्री ८:००

मालक, गटारी आली. एक राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न: मेट्रोनिडाझोलवर एक पेग चालतो का? मित्रासाठी विचारतोय.

पोटोबा | २१ जुलै, रात्री ८:२५

मित्राला सांगा, नाही. शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस नाही. चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते.

सायकलस्वार | २६ जुलै, रात्री १०:४०

चौदावा दिवस. छप्पन्न चौकटी, छप्पन्न सह्या. एक दुपारची चुकली होती, ती लाल पेनात आहे. चव परवापासून कशाचीच लागत नाही, आमटीसुद्धा पितळेच्या हंड्यातली वाटते. पण सोडलं नाही. पाचव्या आणि नवव्या दिवशी सोडावंसं वाटलं. नवव्या दिवशी बायको समोर बसून होती.

डॉक्टरांना विचारून घेतलं: बायको-मुलांचं काय? हा बहुधा लहानपणीच घरातून लागतो, उष्ट्या-खरकट्यातून, तोंडातून, घाण पाण्यातून. मुलांना तक्रार नाही तर त्यांच्या मागे लागू नका म्हणाले. बायकोला अधूनमधून जळजळ असते, तिची शौचाची तपासणी सांगितली आहे. गुडघ्यासाठी आता डायक्लोफिनॅक कायमचं बंद, व्यायाम आणि शेक.

सायकलस्वार | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१५

गणपती गेले, आज श्वासाची टेस्ट झाली. सहा आठवडे थांबलो, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद होती, मोदक जपून खाल्ले. उपाशीपोटी एक कॅप्सूल गिळायला दिली, थोड्या वेळाने फुगा फुगवावा तसं पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो कॅप्सूलमधला युरिया फोडतो आणि त्याचा खूण केलेला कार्बन श्वासात येतो. पोटोबांनी सांगितलेलीच त्याची खोड, तीच त्याला पकडून देते.

निगेटिव्ह. या वेळी डॉक्टरांनीही धरली.

बायकोची पॉझिटिव्ह. तिचा कोर्स सोमवारपासून. फ्रिजवर नवा तक्ता लागलाय आणि आता समोर मी बसणार आहे. टेट्रासायक्लिनचं नववं दुकान कुठलं ते कोणाला हवं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

जुनं खोड | ८ सप्टेंबर, रात्री ९:०५

फार बरं वाटलं.

हा धागा वाचत असताना एक गोष्ट डोक्यात आली होती. मी गेली सहा वर्षं हृदयासाठी ॲस्पिरिन घेतो, रोज रात्री. वडिलांचं ते तसं. आणि आम्ही सगळे त्यांच्याच ताटात जेवून मोठे झालेलो. पोट माझं कधी दुखलं नाही. तरी तपासून घ्यावं का?

पोटोबा | ८ सप्टेंबर, रात्री ९:२०

काका, ॲस्पिरिन हीही त्या दुखण्याच्या गोळ्यांच्याच घराण्यातली, पण ती स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. हाच प्रश्न तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना जसाच्या तसा विचारा. मी तुमच्या जागी असतो तर तपासून घेतलं असतं.

जुनं खोड | ११ सप्टेंबर, दुपारी १२:४५

विचारलं. ते म्हणाले, करून टाका. आज नमुना देऊन आलो. डबीचं झाकण घट्ट लावा म्हणून लॅबमधल्या पोरीने तीन वेळा बजावलं. सुनेने रिक्षात सबंध वाटेत ती डबी माझ्या मांडीवरच ठेवायला लावली.